निम्मा पोकळ चंद्र

हायपेरियनचा फोटो पहिल्यांदा बघणारा माणूस आधी विचारतो, हे खरंच आकाशातलं आहे का? शनीचा चंद्र आहे म्हटल्यावर विश्वास बसायला जरा वेळ लागतो. 26 सप्टेंबर 2005 रोजी कॅसिनी यान त्याच्या जेमतेम 500 किलोमीटरवरून गेलं. त्या भेटीतले फोटो आजही माझ्या लॅबच्या कॉम्प्युटरवर आहेत. डेस्कटॉपवर त्यातलाच एक लावलाय, त्यामुळे रिपोर्ट न्यायला येणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारतोच.

खड्डे आपल्या चंद्रावरही आहेत, बुधावर आहेत, गुरूच्या कॅलिस्टोवर तर खड्ड्याला खड्डा लागून आहे. पण तिथले बरेचसे जुने खड्डे झिजलेले, बुजलेले, पसरट झालेले दिसतात. हायपेरियनवर तसं नाही. तिथले खड्डे आत, खोल गेलेले. काठ कोरून काढल्यासारखे. शेजारशेजारच्या दोन खड्ड्यांमध्ये उरलेली भिंत कुठे कुठे इतकी पातळ की आत्ता पडेल असं वाटावं. आणि बहुतेक खड्ड्यांच्या तळाशी काळपट थर. फोटो मोठा करत गेलात की मोठ्या खड्ड्याच्या उतारावर लहान खड्डे, त्यांच्या काठावर आणखी लहान. सपाट जागा म्हणून शोधावी तर डोळ्यांना मिळत नाही. सगळे त्याला स्पंज म्हणतात, आणि दिसायला तो तसा आहेच.

मी माती तपासते. जालन्यात छोटी मटेरियल टेस्टिंग लॅब आहे: रस्ते, भराव, पाया, काँक्रीटचे क्यूब. आकाशाचं वेड शाळेपासूनचं, पण हायपेरियनवर माझा जीव जडला तो माझ्या कामामुळे. कारण या चंद्राचं सगळं वेगळेपण एका आकड्यात आहे, आणि तो आकडा मी रोज काढते, मातीचा. घनता.

साइटवर आम्ही घनता कशी काढतो ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. रोलर फिरून झालेल्या भरावावर पृष्ठभाग साफ करायचा, मधोमध गोल भोक असलेला ट्रे ठेवायचा आणि त्या भोकातून छिन्नी-हातोडीने 10 सेंटिमीटर रुंद, साधारण 15 सेंटिमीटर खोल खड्डा खणायचा. निघालेला मुरूम एक खडाही न सांडता गोळा करायचा आणि वजन घ्यायचं. आता या खड्ड्याचं आकारमान किती? आतून तो ओबडधोबड असतो, पट्टीने मोजता येत नाही. म्हणून चाळून घेतलेली, कोरडी, एकसारखी वाळू भरलेलं सिलिंडर त्यावर ठेवायचं आणि खालचं शटर उघडायचं. वाळू सळसळत खड्ड्यात उतरते आणि कानाकोपरा भरते. सळसळ थांबली की शटर बंद करायचं आणि सिलिंडरचं वजन करायचं. किती वाळू गेली ते कळलं की खड्ड्याचं आकारमान कळलं. वजन भागिले आकारमान, त्यातून ओलाव्याचा हिशेब वजा, की झाली कोरडी घनता. चांगल्या दाबलेल्या मुरुमाची 1.9 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरच्या आसपास येते. मुरुमाचा कण स्वतः साधारण 2.7 घनतेचा असतो. म्हणजे दाबून दाबूनही जवळजवळ 30 टक्के जागा रिकामीच राहते, हवेची किंवा पाण्याची. ट्रकमधून नुकत्याच ओतलेल्या मुरुमात तर निम्मी जागा रिकामी असू शकते.

हायपेरियनवर ट्रे ठेवायला कुणी गेलेलं नाही. तरी हिशेब हाच. आकारमान फोटोंवरून मिळालं: वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या फोटोंवरून त्याचा आकार बांधला, तो साधारण 360 गुणिले 266 गुणिले 205 किलोमीटरचा ओबडधोबड गोटा निघाला. वजनासाठी शास्त्रज्ञांनी यानालाच काटा केलं. कॅसिनी जवळून जाताना हायपेरियनने त्याला किंचित ओढलं. त्या ओढीने यानाचा वेग तिळभर बदलला, आणि तो बदल पृथ्वीवर येणाऱ्या रेडिओलहरींच्या कंपनसंख्येत दिसला. त्यावरून वस्तुमान. 2007 मध्ये पीटर थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जो निकाल छापला त्यात घनता होती 0.54.

पाण्याची घनता 1, बर्फाची 0.92-0.93. हायपेरियन मुख्यतः पाण्याच्या बर्फाचा आहे. निव्वळ बर्फ धरला तरी 0.54 भागिले 0.93, म्हणजे 58 टक्के जागा बर्फाची आणि 42 टक्के रिकामी. आत थोडा दगड-माती असेलच, तो बर्फाहून जड, म्हणजे पोकळी त्याहूनही जास्त. त्यामुळे 40 टक्क्यांहून जास्त पोकळ हे सगळीकडे छापून येतं ते अगदी हात राखून सांगितलेलं आहे. पुण्याहून मुंबईपर्यंत जाऊन परत यायचं म्हटलं तरी जेवढं अंतर होत नाही, तेवढ्या लांबीचा हा चंद्र, आणि तो नुकत्याच ओतलेल्या भरावाइतका सैल आहे!

हे मी आमच्या लॅबमधल्या काकांना सांगितलं. काका गेली कित्येक वर्षं प्रॉक्टर टेस्टचा रॅमर मारतात, म्हणजे साच्यातली माती ठोकून ती किती घट्ट बसते ते बघायच्या चाचणीतलं वजन. त्यांच्या हाताइतका एकसारखा घाव मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. त्यांनी फोटोकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “मॅडम, एवढा पोकळ आहे तर स्वतःच्या वजनाने बसत कसा नाही?”

बसणं हा आमच्या कामातला शब्द. भराव बसतो, पाया बसतो. सैल भरावावर घर बांधलं तर दोन पावसाळ्यांत भिंतीला तडे जातात, कारण खालची माती वरच्या वजनाने दबते. काकांचा प्रश्न अगदी मर्माचा होता. शनीचा मिमास हा चंद्र हायपेरियनच्या तोडीचाच आहे, 396 किलोमीटर व्यासाचा, पण तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालाय. मग हा का नाही?

त्याच दुपारी मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला. हायपेरियन गोल आहे असं धरलं, सरासरी त्रिज्या 135 किलोमीटर. पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण येतं 0.02 मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्शाच्या आसपास. काकांचा 2.6 किलोचा रॅमर आपल्याकडे 31 सेंटिमीटरवरून सोडला की पापणी लवायच्या आत मातीवर आदळतो. हायपेरियनवर सोडला तर खाली यायला साडेपाच सेकंद घेईल, आणि टेकताना त्याचा वेग मुंगीला कळेल न कळेल असा, सेकंदाला 11 सेंटिमीटर.

आता मध्यबिंदूवरचा दाब. 135 किलोमीटर जाडीचा थर वर आहे म्हटल्यावर केवढा दाब असेल असं वाटतं. सूत्रात आकडे घातले तर येतो साधारण साडेसात बार. आमच्या भाषेत 75 टन प्रति चौरस मीटर. पृथ्वीवर 40 मीटर उंच मातीच्या भरावाखाली एवढा दाब असतो. 40 मीटर! आपल्याकडे त्याहून उंच मातीची धरणं आहेत. आणि हा दाब अगदी गाभ्यात. पृष्ठभागापासून पाच-दहा किलोमीटर आत तर तो त्याच्या थोड्याशा हिश्शाइतकाच.

आणि दाब पडतोय कशावर? फ्रिजमधला बर्फ डोळ्यापुढे आणू नका. तिथलं तापमान उणे 180 अंश सेल्सियसच्या आसपास. त्या थंडीत बर्फ वितळत नाही, ओघळत नाही, वाकत नाही. दगडासारखा वागतो. बर्फाचे कण आणि ढेकळं एकमेकांना टेकून उभी, मध्ये फटी, आणि त्या फटी मिटवायला लागणारा दाबच उपलब्ध नाही. मिमासला सुरुवातीला आतून ऊब मिळाली असेल, बर्फ मऊ झाला असेल, तो बसला. हायपेरियनला ती मिळाली नाही, किंवा मिळाली तरी नंतर तो फुटून पुन्हा ढिगासारखा गोळा झाला. त्याच्या वेड्यावाकड्या आकारावरून तो एखाद्या मोठ्या चंद्राचा तुकडा असावा असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं.

काका एवढंच म्हणाले, “म्हणजे रोलरच फिरला नाही त्याच्यावर.”

रोलर नाही फिरला, पण घाव मात्र पडले. इथून खरी गोष्ट सुरू होते, कारण त्या खड्ड्यांचं विचित्र रूप या पोकळपणातूनच आलंय.

कठीण खडकावर उल्का पडली की काय होतं ते बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. जालन्याहून लोणार दोन-अडीच तासांवर. साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं, बेसॉल्टमध्ये आघाताने तयार झालेलं विवर. लोक तळं बघतात, मंदिरं बघतात. मी प्रत्येक वेळी काठ बघते. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच आहे. बेसॉल्टचे थर मुळात आडवे, पण काठाशी ते बाहेरच्या बाजूला उचललेले, वळलेले दिसतात. आणि बाहेर सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत आतून उडून पडलेल्या मालाचा थर पसरलाय. रस्त्याच्या कडेला कुठे कापलेलं असेल तर त्यात मिसळ दिसते: मोठे धोंडे, चुरा, माती, कशाला काही ताळमेळ नसलेलं. हा लोणारच्या पोटातला खडक. कठीण खडकात खड्डा पडायचा तर आतला माल बाहेर फेकला गेलाच पाहिजे, त्याला दुसरी जागाच नसते. धक्क्याची लाट खडकातून पुढे जाते, परतते, आणि खडक उचलून फेकते.

सैल मालात तसं होत नाही. प्रॉक्टरच्या साच्यात सैल माती भरून पहिला घाव मारा. रॅमरखाली खळगा पडतो. काठावर ढीग येतो का? जवळजवळ नाही. माती बाहेर गेलीच नाही, खाली गेली. कणांमधली पोकळी मिटली आणि तेवढी जागा खळग्याला मिळाली. खळग्याच्या तळाची माती आता आधीपेक्षा घट्ट आहे. बाजूची माती होती तशीच, सैल. घावाची ताकद पोकळ्या चिरडण्यातच संपली, लांब पोहोचलीच नाही.

थॉमस आणि मंडळींनी हायपेरियनबद्दल नेमकं हेच म्हटलं. सेकंदाला काही किलोमीटर वेगाने येणारा गोटा तिथे आदळतो तेव्हा खड्डा खणला जाण्यापेक्षा दाबला जातो. थोडा माल उडतो, पण त्यातला बराचसा परत येत नाही, कारण तिथून कायमचं निसटायला सेकंदाला 70-75 मीटरच्या आसपास वेग पुरतो. म्हणून शेजारच्या जुन्या खड्ड्यांवर मातीचा थर पडत नाही. आपल्या चंद्रावर नवा खड्डा पडला की त्याचा उडालेला माल आसपासच्या जुन्या खड्ड्यांना पुरतो. हायपेरियनवर जुना खड्डा जसा पडला तसा उघडा राहतो. खड्ड्याच्या बाजूला खड्डा, दोघांत पातळ भिंत, आणि ती भिंत हादरून कोसळतही नाही कारण हादरा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

त्याच्या एका बाजूला जवळपास 120 किलोमीटर रुंद आणि 10 किलोमीटर खोल असा एक खड्डा आहे. सरासरी 270 किलोमीटर व्यासाच्या चंद्रावर 120 किलोमीटरचा खड्डा. एकसंध कठीण बर्फाचा गोळा असता तर तेवढ्या घावाने तो टिकला असता की नाही, याची मला शंका आहे. पोकळपणानेच त्याला वाचवलं असं मी मानते.

ही कल्पना हायपेरियनसाठी पहिल्यांदा आलेली नाही. 27 जून 1997 रोजी निअर शूमेकर यान मॅथिल्डे या लघुग्रहाजवळून गेलं. 53 किलोमीटरचा तो काळाकुट्ट लघुग्रह, त्यावर 33 किलोमीटरपर्यंतचे खड्डे, आणि काठाला काठ लागूनही एकानेही दुसऱ्याला बिघडवलेलं नाही. घनता 1.3, म्हणजे तोही निम्मा पोकळ. 1999 मध्ये केविन हाउसेन आणि सहकाऱ्यांनी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून वजन वाढवणाऱ्या यंत्रात, सच्छिद्र मिश्रणावर आघात करून दाखवलं की असे खड्डे दाबूनच तयार होतात. मला हा प्रयोग फार आवडतो. आमच्या क्षेत्रातही धरणाचे आणि पाइलचे छोटे नमुने सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तपासतात, तीच युक्ती. आणि जाता जाता, मॅथिल्डेच्या खड्ड्यांना जगातल्या कोळसा खोऱ्यांची नावं दिली आहेत, कारण तो कोळशासारखा काळा. त्यातल्या एका मोठ्या खड्ड्याचं नाव दामोदर. झारखंड-बंगालमधलं आपलं दामोदर खोरं.

हायपेरियनवरच्या खड्ड्यांना सूर्य-चंद्राच्या देवतांची नावं आहेत: हेलिओस, जारिलो, बाहलू, मेरी.

आता तळाशी असलेल्या काळ्या थराकडे येते, कारण नुसत्या दाबण्याने सगळं रूप समजत नाही. कॅसिनीच्या उपकरणांनी तिथे पाण्याचा बर्फ, गोठलेला कार्बन डायऑक्साइड आणि कार्बनयुक्त काळा-तांबूस पदार्थ ओळखला. हा पदार्थ शेजारच्या आयापेटस या शनीच्याच चंद्राच्या काळ्या बाजूवर असलेल्या पदार्थाच्या जातीचा. फोटोत दिसणारा रंग बहुतेक वेळा वाढवलेला असतो, प्रत्यक्षात फिकट तांबूस छटा आहे. काळा थर जाड नाही, काही दहा मीटरचा असावा, त्याखाली उजळ बर्फ.

काळ्या रंगाचं काम मात्र मोठं आहे. शनीपाशी सूर्यप्रकाश आपल्या इथल्या नव्वदाव्या हिश्शाइतका, तरीही काळा पदार्थ उजळ बर्फापेक्षा जास्त ऊन शोषतो. शेजारचा बर्फ त्याने किंचित तापतो आणि वितळण्याऐवजी थेट वाफ होऊन निघून जातो. बर्फ गेला की त्यात अडकलेली काळी धूळ मागे राहते, तळाला साठते, आणखी ऊन शोषते. खड्डा स्वतःहून खोल होत जातो. अ‍ॅलन हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हे सविस्तर मांडलं: भिंतींची ती धार, खड्ड्यांमधले ते पातळ पडदे हे बरेचसे या बर्फ उडून जाण्याचं काम आहे. भिंती आतून खात जातात, कडेचा माल उतारावरून घसरतो, आणि फोटो मोठा केला की त्या घसरणीच्या रेषा दिसतातही. मधल्या धारेवर उजळ बर्फ टिकून राहतो, कारण तो ऊन परतवून लावतो.

म्हणजे आधी घाव, मग ऊन. घावाने दाबलं, उन्हाने कोरलं. मला वाटतं नुसता सच्छिद्रपणा असता तर मॅथिल्डेसारखं काहीतरी दिसलं असतं, आणि नुसतं बर्फ उडणं असतं तर कॅलिस्टोसारखं, जिथे बर्फ जाऊन टेकड्या आणि काळी धूळ उरली आहे. दोन्ही एका ठिकाणी आली तेव्हा हे रूप तयार झालं, आणि त्याच्या जोडीचं दुसरं काही अजून कुणी दाखवलेलं नाही.

या चंद्राचा शोध एका वेगळ्याच योगायोगाने लागला. सप्टेंबर 1848. अमेरिकेत हार्वर्डमध्ये विल्यम क्रँच बाँड आणि त्यांचा मुलगा जॉर्ज फिलिप्स बाँड नव्या 15 इंची दुर्बिणीने शनी बघत होते. वडील मूळचे घड्याळजी. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला विल्यम लासेल स्वतः बनवलेल्या 24 इंची दुर्बिणीने बघत होते. त्यांचा धंदा बिअर गाळण्याचा. दोन दिवसांच्या अंतराने दोन्हीकडे तोच अंधुक ठिपका सापडला. श्रेय तिघांना मिळालं, आणि आज हायपेरियनवरच्या एका लांब, कण्यासारख्या उंचवट्याला बाँड-लासेल हेच नाव आहे. घड्याळजी, त्यांचा मुलगा आणि बिअरवाला. स्वतःच्या हाताने काम करणारी माणसं होती ती, म्हणून हे मला सांगावंसं वाटतं.

हायपेरियन शनीपासून सरासरी 14.8 लाख किलोमीटरवर, एक फेरी 21 दिवसांहून थोडी जास्त. टायटन या शनीच्या दुसऱ्या चंद्राच्या चार फेऱ्या होतात तेवढ्यात याच्या बरोबर तीन. टायटनच्या या पकडीमुळे त्याची कक्षा लांबट राहते. अंग वेडंवाकडं आणि कक्षा लांबट, त्यामुळे शनीची ओढ त्याला कधी या टोकाला, कधी त्या टोकाला हिसका देते. बहुतेक चंद्र ग्रहाकडे एकच तोंड करून फिरतात, आपलाही. हायपेरियन कोलांट्या मारत जातो, आणि त्या कोलांट्यांना ठरलेला क्रम नाही. जॅक विस्डम, स्टँटन पील आणि फ्रान्स्वा मिन्यार यांनी 1984 मध्ये हे गणिताने सांगितलं, आणि जेम्स क्लावेटर यांनी त्याच्या कमीजास्त होणाऱ्या तेजाची महिनोन्महिने नोंद ठेवून 1989 मध्ये ते खरं असल्याचं दाखवलं. गणित आधी, निरीक्षण नंतर. त्यामुळे तिथे पहाट कधी होईल ते काही महिने आधी कुणीच सांगू शकत नाही. पंचांगच चालणार नाही तिथे. कॅसिनीच्या मंडळींनाही पुढच्या भेटीत कोणती बाजू समोर येईल ते नेमकं ठरवता येत नव्हतं. शेवटची जवळची भेट 31 मे 2015 ला झाली, 34,000 किलोमीटरवरून.

ऊन सगळ्या बाजूंना आळीपाळीने, बेभरवशाने मिळतं, याचाही त्या पृष्ठभागावर परिणाम होत असणार. आयापेटस एकच तोंड पुढे करून फिरतो, म्हणून त्याची एक बाजू काळी आणि दुसरी पांढरी झाली. हायपेरियनवर काळं-पांढरं असं वाटून गेलेलं नाही, प्रत्येक खड्ड्यात थोडं थोडं आहे.

आणखी एक गोष्ट 2014 मध्ये पुढे आली. 2005 च्या त्या भेटीत कॅसिनीला सुमारे 2,000 किलोमीटरवरून हायपेरियनकडून इलेक्ट्रॉनचा झोत बसला होता. म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर साधारण 200 व्होल्टचा ऋण विद्युतभार साठला होता. चंद्रांवर असा भार साठतो असा अंदाज होता, आपल्या चंद्रावर तो मोजलेलाही होता, पण दुसऱ्या कुठल्या चंद्रावर पुरावा मिळाला तो इथे पहिल्यांदा. उद्या तिथे कुणी उपकरण टेकवायचं म्हटलं तर हे ध्यानात ठेवावं लागेल.

उपकरण टेकवणं. काकांचं आणि माझं यावर बोलणं होत असतं. चहाची वेळ झाली, ओव्हनमध्ये नमुने ठेवले की चोवीस तास हात रिकामे, मग विषय निघतो. हायपेरियनच्या घनतेच्या अगदी जवळची घनता असलेल्या एका ठिकाणी माणसाचं यंत्र उतरलं आहे: धूमकेतू 67पी, घनता 0.53, पोकळी 70 टक्क्यांहून जास्त. नोव्हेंबर 2014 मध्ये फिले हा लँडर तिथे उतरला. त्याने आपला हातोडा मारून खिळा आत घालायचा प्रयत्न केला, तर खिळा शिरेना, पृष्ठभाग टणक निघाला. आणि पुढे 2020 मध्ये त्याच लँडरच्या उसळ्यांचा माग काढताना दिसलं, की एका उसळीत तो बर्फाच्या एका धोंड्यात 25 सेंटिमीटर रुतला होता, कारण तिथला बर्फ हाताने दाबला तरी चुरगळेल इतका मऊ. एकाच धूमकेतूवर, थोड्याच अंतरावर, हे दोन निकाल. माती तपासणाऱ्याला यात नवल वाटू नये. एकाच प्लॉटमधल्या दोन बोअरमध्ये आम्हाला असंच मिळतं.

म्हणून हायपेरियनवर एक यंत्र टेकवायला मिळालं तर कुठे टेकवायचं, हा प्रश्न काका मला विचारतात. बघणारे सगळे म्हणतील, धारेवर, उजळ बर्फावर, तिथून दृश्य छान दिसेल. मी तळाला म्हणते. काळ्या धुळीचा थर ओलांडून खालच्या बर्फात खिळा मारायचा, आणि तेवढ्याच घावांचा दुसरा खिळा भिंतीत मारायचा. किती घावांना किती शिरला तेवढं मोजायचं. खड्डे खरंच दाबून झाले असतील तर तळाचा खिळा कमी शिरला पाहिजे.

काकांचं म्हणणं, दोन खिळ्यांनी भागणार नाही, निदान तीन तरी हवेत. आम्ही साइटवरही एका जागी तीनच घेतो.